एका थेंबाचे भाऊ

सुरो महिना लागला की मादियून शहराच्या वेशीवर पोलीस उभे राहतात. बाहेरून येणारे ट्रक, टेम्पो, मोटरसायकलींचे ताफे अडवले जातात. काळे कपडे घातलेल्या पोरांना खाली उतरवून कुठून आलात, कुठे चाललात, असं विचारतात. बऱ्याच जणांना तिथूनच माघारी धाडलं जातं.

मादियून हे जावा बेटाच्या पूर्व भागातलं मध्यम आकाराचं शहर आहे. इथे रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना आहे, साखर कारखाने आहेत आणि आजूबाजूला भाताची शेतं. शेंगदाण्याच्या झणझणीत चटणीत कालवलेल्या उकडलेल्या भाज्या, म्हणजे 'पेचेल', ही इथली खासियत. सुरो हा जावाच्या पंचांगातला पहिला महिना. तो मोहरमबरोबर येतो आणि त्याचं नावही 'आशुरा'वरून पडलंय. या महिन्यात लग्नकार्य टाळतात, रात्री जागवतात, पूर्वजांच्या कबरींवर जाऊन फुलं वाहतात.

पोलिसांचा हा बंदोबस्तही फुलं वाहायला येणाऱ्यांसाठीच असतो. पेंचाक सिलात या युद्धकलेच्या दोन मोठ्या शाळा या शहरात आहेत. एकीचं नाव 'सेतिया हाती तेराते', दुसरीचं 'सेतिया हाती विनोंगो'. दोघींच्या नावातले पहिले दोन शब्द एकच, दोघींचा आदिगुरूही एकच. आणि गेली कित्येक वर्षं या दोन शाळांची पोरं रस्त्यावर समोरासमोर आली की दगड उडतात, डोकी फुटतात. अधूनमधून एखाद्याचा जीवही जातो.

तेरातेच्या पूर्ण नावात सगळ्यात आधी आणखी एक शब्द येतो: 'पेर्सौदाराआन'. त्याच्या पोटात 'सौदारा' हा शब्द आहे, म्हणजे भाऊ किंवा बहीण. हा शब्द संस्कृतातल्या 'सोदर'वरून तिकडे गेला. एका उदरातून आलेले, ते सोदर. 'सेतिया' हे आपलं 'सत्य'. तिकडे त्याचा अर्थ निष्ठावान असा झाला. 'हाती' म्हणजे हृदय. 'तेराते' म्हणजे कमळ. तेव्हा संस्थेच्या नावाचा अर्थ साधारण असा: निष्ठावान हृदयाच्या कमळाचा भाऊपणा.

मराठीत भाऊबंद म्हणजे आपले लोक. पण 'भाऊबंदकी' म्हटलं की कोणालाही माया आठवत नाही, कोर्टकचेरी आठवते. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन्ही अर्थ कसे राहतात, याचं उत्तर मादियूनच्या या शाळेच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सापडतं.

बदलीच्या नोकरीतला गुरू

आदिगुरूंचं नाव की न्गाबेही सुरोदिविर्यो. शिष्य त्यांना 'एयांग सुरो' म्हणतात. एयांग म्हणजे आजोबा. जावाच्या उच्चारात आपला 'अ' पुष्कळदा 'ओ' होतो, हे एकदा लक्षात आलं की ही नावं ओळखीची वाटायला लागतात. 'सुरो' म्हणजे शूर, 'विर्यो' म्हणजे वीर्य, पराक्रम. (महिन्याचं नाव सुरो आणि गुरूंच्या नावातला सुरो यांचा उच्चार एक, पण मूळ वेगळं. एक अरबी, दुसरा संस्कृत.)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले सुरोदिविर्यो एखाद्या गढीतले सरदार किंवा डोंगरात तप करणारे साधू नव्हते. ते नोकरदार होते. डच राजवटीत जावाच्या खानदानी घरातल्या शिकल्या-सवरलेल्या मुलांना सरकारी कचेऱ्यांत उमेदवारी करून कारकून किंवा अंमलदार होता यायचं. या वर्गाला 'प्रियायी' म्हणत. सुरोदिविर्यो याच वाटेने गेले आणि नोकरीच्या निमित्ताने बरेच फिरले. पश्चिम जावातलं बांडुंग, मग बताविया म्हणजे आजचं जकार्ता, पुढे सुमात्रा बेटावरचं बेंकुलू, पादांग, आणि अगदी टोकाला आचेह.

जिथे बदली होई तिथले सिलातचे जाणकार शोधायचे आणि त्यांच्याकडून शिकायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. आपल्याला आज 'पेंचाक सिलात' हे एका खेळाचं नाव वाटतं. तेव्हा तशी एकच एक कला नव्हतीच. बांडुंगच्या भागात चिमांदे, चिकालोंग अशा परंपरा होत्या. बतावियात क्वितांगसारख्या मोहल्ल्यांची आपापली पद्धत होती. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांची कला आणखी वेगळी. जमिनीलगत, पायांवर भर देणारी. गावाची कला गावातच राहायची. ती बाहेरच्याला शिकवायची की नाही, हे तिथला गुरू ठरवायचा.

सुरोदिविर्योंनी हे सगळं एका माळेत ओवलं. त्यांनी बांधलेल्या डावांना, 'जुरुसां'ना, ज्या गावांतून आणि परंपरांतून ते आले त्यांची नावं होती: चिमांदे, चिकालोंग, क्वितांग, पादांग पांजांग, परियामान. ती यादी वाचताना एखाद्या सरकारी नोकराचं बदल्यांचं रजिस्टर वाचतोय असं वाटतं. डच सरकारने आपल्या सोयीसाठी एक कारकून या बेटावरून त्या बेटावर हलवला, आणि त्या हलवाहलवीतून एकमेकांना कधी न भेटलेल्या कला एका माणसाच्या अंगात एकत्र आल्या.

पुढे जे भांडण झालं ते 'आपलं शुद्ध कोणाकडे आहे' यावरून झालं. मुळात ही कलाच सरमिसळ होती, हे त्यासाठी लक्षात ठेवायला हवं.

डोळ्यांत एक थेंब

१९०३ मध्ये सुराबायात सुरोदिविर्योंनी आपलं मंडळ सुरू केलं. त्याचं नाव 'सेदुलुर तुंगाल केचेर'. सेदुलुर म्हणजे भावंडं, तुंगाल म्हणजे एक. 'केचेर' हा सिलातच्या काही परंपरांमधला दीक्षाविधी आहे. त्यात गुरू नवख्या शिष्याच्या डोळ्यांत विड्याच्या पानाच्या पाण्यासारखा एखादा रस थेंब-थेंब सोडतो. डोळे चुरचुरतात, पाणी वाहतं, मग नजर निवळते. समोरच्याची हालचाल नीट दिसावी म्हणून हा विधी, असं सांगतात. त्या थेंबाने जे बांधले गेले ते एका थेंबाचे भाऊ.

या नावात रक्ताचा संबंध नाही. एक आई नाही, एक गाव नाही, एक जातकुळी नाही. एका गुरूच्या हातून एकच थेंब डोळ्यांत पडला, एवढ्यावर परके लोक भावंडं झाले.

पण त्या नावात अडचणीचं बीजही होतं. थेंब टाकणारा हात हयात आहे तोवर कोण कोणाचा भाऊ, याबद्दल शंका नसते. तो हात गेल्यावर थेंब टाकायचा अधिकार कोणाचा?

त्या दिवशी हा प्रश्न कोणाला पडला नसावा. सुरोदिविर्यो पुढे मादियूनला आले आणि रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला लागले. शहराच्या विनोंगो भागात त्यांचं घर होतं. १९१७ मध्ये मंडळाचं नाव बदलून 'सेतिया हाती' झालं. शिकायला येणारे बहुतेक त्यांच्यासारखेच होते: प्रियायी घरातले, कचेरीत काम करणारे, बोलण्याचालण्यात अदब असलेले. व्यायाम आणि लढण्याबरोबर आत्मचिंतनालाही तिथे महत्त्व होतं. पहाटे कारखान्याचा भोंगा आणि रात्री अंगणात जुरुस, असं ते शांत, छोटेखानी जग होतं.

'पेंचाक' शब्द खोडला

त्या जगाचं दार मोठं केलं एका शिष्याने. की हाजार हार्जो उतोमो यांचा जन्म विनोंगोचाच. 'उतोमो' म्हणजे उत्तम. त्यांनीही बऱ्याच नोकऱ्या केल्या, पण गुरूंसारखे ते नोकरीत रमले नाहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जावात 'सारेकत इस्लाम' ही संघटना वणव्यासारखी पसरली होती. व्यापाऱ्यांनी सुरू केलेल्या या संघटनेत थोड्याच काळात लाखो सामान्य माणसं आली. हार्जो उतोमो तिच्यात ओढले गेले.

१९२२ मध्ये त्यांनी मादियूनजवळच्या पिलांगबांगो गावात स्वतःचा आखाडा सुरू केला. त्याचं नाव 'सेतिया हाती पेंचाक स्पोर्ट क्लब'. इथे प्रियायी असण्याची अट नव्हती. शेतकऱ्याचा, मजुराचा, साखर कारखान्यातल्या कामगाराचा पोरगाही येऊ शकत होता.

डच पोलिसांना गावातली तरुण पोरं रात्री एकत्र जमून लढायला शिकतात, हे आवडणं शक्य नव्हतं. तेरातेचा इतिहास सांगतो की पुढे नावातला 'पेंचाक' हा शब्द काढून त्या जागी 'पेमुदा' म्हणजे तरुण हा शब्द घातला गेला. आद्याक्षरं तीच राहिली, पाटी बदलायची फारशी गरज पडली नाही, आणि कागदोपत्री ती तरुणांची क्रीडासंस्था झाली.

तरी १९२५ मध्ये हार्जो उतोमोंना अटक झाली. आधी जकार्तातला चिपिनांगचा तुरुंग, मग सुमात्रातलं पादांग पांजांग. हेच ते पादांग पांजांग, ज्याच्या नावाचा जुरुस त्यांनी आपल्या गुरूंकडून शिकला होता. ज्या मुलुखात गुरू सरकारी नोकर म्हणून कला गोळा करत फिरले होते, तिथेच शिष्य सरकारचा कैदी म्हणून गेला. सुटून परत आल्यावर त्यांनी पिलांगबांगोचा आखाडा पुन्हा सुरू केला. स्वतंत्र इंडोनेशियाने नंतर त्यांना स्वातंत्र्याच्या अग्रदूतांमध्ये मानाचं स्थान दिलं.

गुरू-शिष्यांमध्ये त्या काळात नेमकं काय घडलं, याच्या दोन बाजू आज सांगितल्या जातात. तेरातेवाले म्हणतात, गुरूंची कला मूठभर खानदानी लोकांत अडकली होती, ती हार्जो उतोमोंनी जनतेपर्यंत नेली. विनोंगोवाले म्हणतात, खरी परंपरा गुरूंच्या घरातच राहिली, बाकीच्या फांद्या. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असू शकतात. एक वारसा जपण्याबद्दल बोलतोय, दुसरा वाटण्याबद्दल.

गुरूची जागा घटनेने घेतली

फाटे फुटायला एवढ्यावरच थांबले नाहीत. १९३२ मध्ये सेमारांगला मुनांदार हार्जोविजोतो या आणखी एका शिष्याने 'सेतिया हाती ऑर्गॅनिसासी' काढली. नावच सांगतं की आता गुरूच्या अंगणाऐवजी कार्यकारिणी, शाखा आणि नियमावलीचे दिवस आले होते.

१९४२ मध्ये, डच जाऊन जपानी आले त्या वर्षी, पिलांगबांगोच्या संस्थेने 'सेतिया हाती तेराते' हे नाव घेतलं. कमळ चिखलातही उगवतं आणि स्वच्छ तळ्यातही; तसा हा भाऊपणा कोणत्याही थरातल्या माणसाला मोकळा, असा त्याचा अर्थ आजही नव्या मुलांना समजावून सांगितला जातो. १९४४ मध्ये एयांग सुरो वारले. त्यांची कबर विनोंगोत आहे.

१९४८ हे वर्ष महत्त्वाचं. इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण डचांशी लढाई चालू होती. त्या धामधुमीत मे महिन्यात सुराकार्ता इथे देशभरातल्या सिलात शाळांची शिखर संघटना स्थापन झाली. तिचं आजचं संक्षिप्त नाव 'इप्सी'. वोंगसोनेगोरो तिचे पहिले अध्यक्ष. नव्या राष्ट्राला आपला म्हणता येईल असा खेळ हवा होता. त्याच वर्षी तेरातेने पिलांगबांगोत परिषद भरवली आणि आपण गुरूची शाळा न राहता निवडलेल्या अध्यक्षाची संघटना होत आहोत, असं ठरवलं. सुतोमो मांगकुजोयो अध्यक्ष झाले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हार्जो उतोमोही वारले.

म्हणजे 'थेंब टाकायचा अधिकार कोणाचा' या प्रश्नाला तेरातेने लोकशाही उत्तर दिलं: संघटना ठरवेल त्याचा. हे उत्तर काळाला धरून होतं आणि त्यातूनच शाळा वाढली. पण विनोंगोच्या घराशी निष्ठा ठेवणाऱ्यांना ते मान्य होण्याचं कारण नव्हतं. १९६०च्या दशकात जिमात हेन्द्रो सुवार्नो यांनी विनोंगोतली परंपरा नव्या संस्थेच्या रूपात उभी केली. तिच्या नावाला 'तुनास मुदा', म्हणजे कोवळे कोंब, असं शेपूट जोडलं. आता एका शहरात एकाच गुरूच्या नावाने दोन संघटना होत्या. दोघींकडे झेंडे, गणवेश, सभासद होते आणि दोघींची पोरं एकाच बाजारपेठेतून ये-जा करत होती.

कफनाचा पट्टा

तेरातेचा खरा विस्तार झाला १९७०नंतर. इमाम कुसुपांगात यांनी तिला आत्मिक बळ दिलं असं जुने लोक सांगतात. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं. तार्माजी बुदी हार्सोनो यांनी १९८१ पासून तीन दशकांहून जास्त काळ अध्यक्षपद सांभाळलं. पूर्व जावातल्या गावागावांत शाखा निघाल्या. पुढे इंडोनेशियाच्या बाहेरही, जिथे जिथे इंडोनेशियन कामगार गेले तिथे त्या पोचल्या.

गावातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तिथे काय मिळतं, हे समजून घ्यायला हवं. सराव रात्री असतो, शाळेच्या पटांगणात किंवा कोणाच्या अंगणात. सुरुवातीला नुसता काळा पोशाख. मग गुलाबी पट्टा, मग हिरवा, मग अरुंद पांढरा. शिक्षक शेजारच्याच गल्लीतला, थोडा मोठा पोरगा असतो. शिस्त कडक. चुकलास तर जोर काढ. पण पडलास तर उचलणारेही तेच, घरी पोचवणारेही तेच. बापाकडे जमीन नाही, शिक्षण सुटलेलं, शहरात नोकरी नाही. अशा मुलाला 'तू आमचा भाऊ' असं गंभीरपणे सांगणारी दुसरी जागा गावात कमीच असते.

शेवटी सुरो महिन्यात एका रात्री त्याची दीक्षा होते. कोंबडा, विड्याची पानं, केळी असं साहित्य प्रत्येकाने आणायचं असतं. आणि पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी. या कापडाला 'मोरी' म्हणतात. जावात प्रेताला गुंडाळायचं कापड हेच. त्या दिवसापासून तो पट्टा म्हणून मोरी कमरेला बांधतो. कफन कमरेला बांधून फिरणाऱ्याने कसलाही माज करायचा नसतो, हा त्यातला धडा. त्या रात्रीनंतर तो 'वार्गा' होतो. हाही आपलाच शब्द: वर्ग.

संस्थेची शिकवण पाच पायांवर उभी आहे: भाऊपणा, खेळ, स्वसंरक्षण, कला आणि आत्मिक साधना. भाऊपणा पहिला. चांगलं-वाईट ओळखणारा, सद्वर्तनी माणूस घडवणं हे ध्येय प्रत्येकाला पाठ असतं.

मग दगड कुठून आले?

चेहऱ्याच्या जागी टी-शर्ट

सुराबायात १९०३ मध्ये एका थेंबाचे भाऊ एकमेकांना ओळखत होते. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची बदली झाली, हे त्यांना माहीत असायचं. आज सुरोच्या रात्रींमध्ये हजारो मुलं एकदम दीक्षा घेतात. दोनशे किलोमीटरवरच्या गावातला 'भाऊ' दिसला तर ओळखायचा कसा? टी-शर्टवरून. जॅकेटवरच्या हृदय आणि कमळाच्या चिन्हावरून. मोटरसायकलच्या स्टिकरवरून. चिन्ह चेहऱ्याच्या जागी आलं की भाऊ ओळखणं सोपं होतं, आणि शत्रू ओळखणंही तितकंच सोपं होतं. ज्या पोराला मारलं त्याचं नाव माहीत नसतं. त्याच्या अंगावर चुकीचं चिन्ह होतं, एवढंच.

चिन्हाला मग जागा हवी असते. पूर्व जावाच्या गावांत चौकाचौकांत सिलात शाळांचे सिमेंटचे स्तंभ उभे राहिले. त्यांना 'तुगू' म्हणतात. तुगू म्हणजे स्मारक, पण इथे त्याचा अर्थ 'हा चौक आमचा' असा झाला. कोणीतरी रात्री तुगूला रंग फासायचा, कोणीतरी तो फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी ताफा निघायचा. अखेर २०२३ मध्ये पूर्व जावाच्या प्रशासनाने सार्वजनिक जागांवरचे हे स्तंभ काढून टाकायला सांगितलं. अनेक गावांत शाळांच्या लोकांनी पोलिसांच्या देखत आपलेच स्तंभ आपल्या हाताने पाडले.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांमध्ये सिलात औषधालाही दिसत नाही. दगड, काठ्या, बाटल्या, आणि एकाला दहा जण. ज्याने खरोखर वर्षानुवर्षं जुरुस घोटवले, त्याला हे पाहून लाज वाटते. अशी माणसं दोन्ही शाळांत आहेत, आणि संख्येने तीच जास्त आहेत. दोन्हीकडचे ज्येष्ठ शांततेच्या करारांवर सह्या करतात, सुरोच्या आधी एकत्र बसून चहा घेतात, फोटो काढतात. फोटो मुलांच्या मोबाइलवर पोचतो. पण त्याच मोबाइलवर तासाभरात कोणाचा तरी मार खाल्लेला व्हिडिओही येतो, आणि तो जास्त वेगाने फिरतो.

हा वाद मग बेटं ओलांडून गेला. पूर्व तिमोर १९७५ ते १९९९ इंडोनेशियाच्या ताब्यात होता. त्या काळात तेराते तिथे पोचली. देश स्वतंत्र झाला, इंडोनेशियन सैन्य परत गेलं, शाळा राहिली. तिथे तिची इतर गटांशी इतकी जुंपली की २०१३ मध्ये तिमोरच्या सरकारने तेरातेसह तीन संघटनांवर बंदी घातली. ज्या शाळेचा संस्थापक परकीय सत्तेविरुद्ध तुरुंगात गेला, ती दुसऱ्या एका देशात त्या देशाच्या जुन्या सत्ताधाऱ्यांचं उरलेलं भांडण म्हणून ओळखली गेली.

आणि २०१५ मध्ये तार्माजी गेल्यावर तेरातेच आतून दुभंगली. दोन गट, दोघांचे आपापले अध्यक्ष. नाव आणि चिन्ह कोणाचं, कायदेशीर नोंदणी कोणाची, यावरून खटले. १९४८ मध्ये गुरूच्या जागी संघटना बसवून जो प्रश्न सुटला असं वाटलं होतं, तोच प्रश्न आता वकील घेऊन परत आला. थेंब टाकायचा अधिकार कोणाचा?

एक मिठी

आता थोडं दूर जाऊ. २९ ऑगस्ट २०१८, जकार्ता. एशियाडमध्ये पेंचाक सिलातची सोळा सुवर्णपदकं होती, त्यातली चौदा इंडोनेशियाने जिंकली. हनिफान युदानी कुसुमा या मल्लाने सुवर्ण जिंकलं आणि राष्ट्रध्वज खांद्यावर घेऊन तो थेट प्रेक्षकांतल्या मान्यवरांकडे धावला. तिथे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो होते आणि 'इप्सी'चे अध्यक्ष प्राबोवो सुबियांतोही. काही महिन्यांवर निवडणूक होती, दोघे एकमेकांविरुद्ध उभे होते, देश दोन तटांत वाटला गेला होता. हनिफानने दोघांच्या गळ्यात हात टाकले आणि एका झेंड्याखाली तिघे मिठीत आले. तो व्हिडिओ इंडोनेशियात प्रत्येकाच्या फोनवर गेला.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, युनेस्कोने पेंचाक सिलातच्या परंपरांना मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ आपल्याकडेही आला. ज्या कलेचं नाव पोलिसांच्या भीतीने एका क्लबच्या पाटीवरून खोडलं गेलं होतं, तिचं नाव आता जगाच्या यादीत आहे.

पण मिठी मारणं चटईवर सोपं असतं. तिथे पंच असतो, वेळ ठरलेली असते, आणि हरणाऱ्यालाही टाळ्या मिळतात. रात्री अकराला अंधाऱ्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या चाळीस मोटरसायकलींच्या दिव्यांत, त्यातलं काहीच नसतं.

विनोंगोची कबर

या सगळ्यावर भाऊपणाचं नाव हे ढोंग होतं, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते खरं वाटत नाही. कारकुनाने परक्या गावांच्या गुरूंपुढे बसून शिकणं, हाही भाऊपणा होता. खानदानी अंगणातली कला मजुराच्या पोराला शिकवण्यासाठी तुरुंगात जाणं, हाही. दोन्ही वेळा भाऊपणाने कुठलंतरी कुंपण ओलांडलं होतं. कोण आपलं नाही हे ठरवायला तो वापरला जाऊ लागला तेव्हापासून त्याची भाऊबंदकी झाली. नाव तेच राहिलं, थेंब तोच राहिला.

दोन्ही शाळांच्या मोठ्या कार्यक्रमांच्या तारखा सुरो महिन्यात वेगवेगळ्या असतात, म्हणजे गर्दी एकमेकांत मिसळू नये. पण एयांग सुरोंची कबर एकच आहे. ती विनोंगोत आहे, जिथे हार्जो उतोमो जन्मले. कबर कोणाच्या वाटणीला देता येत नाही.

आणि आजही, पूर्व जावातल्या कुठल्याशा गावात रात्री दिवा लावून सराव चालू असेल. एखादा नवा पोरगा चुकीचा पाय पुढे टाकत असेल, शिक्षक त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावत असेल. तो तेरातेचा असेल किंवा विनोंगोचा. जे तो शिकतोय त्याचं मूळ बांडुंगचं, बतावियाचं, पादांगचं, अशा गावांचं आहे जी त्याने बहुधा कधी पाहिलेली नाहीत. ते त्याला कोणी नीट सांगितलं, तर कदाचित पुढच्या सुरोमध्ये समोरच्या टी-शर्टकडे बघताना त्याचा हात क्षणभर थांबेल.